वल्गुलीचे दाणे

विनोदला लकवा मारला त्याला वर्ष होत आलं होतं. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत जन्मभर बाबूगिरी केलेला, चार माणसांत रमणारा माणूस. आता पवनी गावच्या घरी मागच्या पडवीत खाटेवर पडून परसाकडे पाहत राही. सुरुवातीला भेटायला लोक येत, मग तेही आटले. बायको रत्नमाला एकटीच त्याचं सगळं करी.

ऊन तापू लागलं तेव्हा सीताफळीवर एक पाखरू येऊ लागलं. रत्नमालाला ती चिमणीच वाटली.

"चिमणी नाही," विनोद शब्द ओढत म्हणाला. "डोकं काळं, गाल पांढरे. पोटावर पाह्य ना, काळा पट्टा. टाय बांधल्यावानी. साहेब हाय तो."

कितीतरी दिवसांनी तो एवढं बोलला होता. रत्नमालानं लगोलग मोबाईलवर फोटो काढून नागपूरच्या लेकीला, तृप्तीला पाठवला. तिनं शोधून कळवलं, राखी वल्गुली. घरात मात्र 'साहेब'च चाललं. मागोमाग मादीही आली. तिचा पट्टा बारीक. खाटेवरून तो फरक विनोदलाच ओळखू येई.

कुंपणाच्या भिंतीत बांधकामाच्या वेळचं एक भोक राहून गेलं होतं. जोडीनं त्यात घरटं केलं, पुढं आतून बारीक चिवचिव येऊ लागली.

"एवढ्या उन्हात त्याइले काय भेटत असन?" विनोद म्हणाला. "दाणे ठेव थोडे."

रत्नमालानं भिंतीवर वाटीत शेंगदाणे ठेवले. साहेब दाणा पायात धरून टोची, उरलेला तुकडा चोचीत घेऊन भोकात शिरे. विनोद अर्ध्या तोंडानं हसे. त्या दिवसांत त्याला भाताचा घास भरवताना आग्रह करावा लागत नसे.

एका सकाळी चिवचिव ऐकू आली नाही. मादी अळी घेऊन आत गेली आणि तशीच अळी घेऊन बाहेर आली. विनोदचा डोळा लागल्यावर रत्नमाला स्टुलावर चढली. घरट्यात पिल्लं गार पडली होती. एकाची चोच उघडीच होती, घशात दाण्याची फाक रुतलेली. बाकीची दाण्यानं गेली की उन्हानं, तिला कळलं नाही. तिनं मोगऱ्याच्या आळ्यात त्यांना पुरलं.

विनोद जागा झाला. "आवाज नाही येऊन राहिला."

"उडाले जी पिल्ले. तुम्ही झोपले होते तवा."

त्यानं तिच्याकडे मान वळवली. "कालपर्यंत कोवळा आवाज होता, रत्ना. इतक्यात कसे उडतीन?"

ती त्याच्या पायावरची चादर सारखी करू लागली.

"दाणा अटकला का?"

तिनं होकाराची मान हलवली.

"मीच म्हणलो होतो, ठेव म्हणून."

"ठेवले तं मीनं. कुटून टाकाचे, एवढंही मले नाही सुचलं."

त्यानं डावा हात डोळ्यांवर घेतला. त्या दिवशी त्यानं घास घेतला नाही. संध्याकाळी तृप्तीचा फोन आला. "आई, बाबाले दे ना. साहेबाची खबर विचाराची हाय."

रत्नमालानं फोन त्याच्या कानाशी धरला. पलीकडून लेक बोलत होती, तो उगाच छताकडे पाहत होता. शेवटी तिनं फोन स्वतःच्या कानाला लावला. "झोपले बाबा. उद्या कर."

जोडी काही दिवस भिंतीशी घुटमळली, मग दिसेनाशी झाली. विनोद तसाच परसाकडे तोंड करून पडून असे. सीताफळीवर काहीबाही येऊन बसे. ते काय आहे हे त्यानं पुन्हा कधी सांगितलं नाही, आणि रत्नमालानं विचारलं नाही.