चौथ्या गाण्यातली हाक

म्हाळसाबाईनं कॅसेट मागं फिरवून पुन्हा टेप सुरू केला, तसा मुंजाबानं दाढीचा ब्रश मगात आपटला.

"अकरा मिनिटांची कॅसेट, आन् सकाळपासनं पाचव्यांदा!"

"तुम्हाला कुणी ऐका म्हणलं?"

दहा बाय दहाच्या खोलीत न ऐकून जाणार कुठं? विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर बंद होतं. कंपनीची बस बजाजनगरात आलीच नव्हती. आणि मागच्या लायनीतल्या भिकनची कॅसेट आठ दिवसांत घरोघर पोचली होती. हा भिकन खुलताबादच्या डोंगरावर मुंजाबाबरोबर मेंढरं राखलेला. दोघांनीही कळप विकून कंपनी धरली. पण भिकननं कॉलेजची दोन पोरं गाठली, गिटार-ड्रम जमवला आणि चार गाणी करून बसला. असल्या धडाधडा वाजवून ओरडायच्या गाण्यांना पोरं पंक म्हणत.

"नुसता आरडाओरडा," मुंजाबा म्हणाला.

तसं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. ड्रम उधळल्यासारखा पळायचा, गिटार खरखरायची आणि त्या गदारोळातून अशी गोड चाल वर यायची की सोडून आलेला माळ डोळ्यांपुढं उभा राहावा. अजून हवं वाटेपर्यंत गाणं संपलेलं असायचं. दुसऱ्या कुणाचं असतं तर मुंजाबानं मान डोलावली असती. भिकनचं होतं, म्हणून पोटात दुखत होतं. बायको ऐकताना गालातल्या गालात हसायची, ते तर बघवत नव्हतं.

चौथं गाणं लागलं. शब्द संपले आणि भिकननं नुसतीच एक लांब हाक दिली. मुंजाबाचा रेझर गालावरच थांबला.

मेंढक्याची हाक ज्याची त्याची असते. त्याचीच मेंढरं तिच्यावर वळतात, दुसरा कुणी ती घेत नाही. ही हाक मुंजाबाची होती. कळप विकल्यापासून चार वर्षांत ती त्याच्या तोंडून निघाली नव्हती आणि आठ दिवस तो हे मुकाट गिळत होता.

"चोरली त्यानं. माझी हाय ती."

"मला काय ठाऊक नाय?" म्हाळसाबाई म्हणाली. "तिच्यापायीच तर लावते. डोंगरावरनं ती हाक आली की मी चूल पेटवायची."

मुंजाबानं रेझर खाली ठेवला. आत जळत होतं ते निवल्यासारखं झालं.

"पण चुकलाय त्यो," तो म्हणाला. "शेवट वर नेतो. खाली सोडायचा असतो."

"मंग दाखवा की सोडून."

तिनं टेप बंद केला. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून मुंजाबा दारात गेला, कानावर हात धरला आणि हाक दिली. नळावरच्या बाया वळून बघू लागल्या. शेवट आला आणि आवाज भिकनसारखा वर गेला.

त्यानं पुन्हा दिली. पुन्हा वरच गेला.

मागं म्हाळसाबाई डोळे मिटून बसली होती.

"व्हय," ती हसून म्हणाली. "अशीच व्हती."