लाल रेघ खाली येणार नाही

मी तलावातली मोजपट्टी बोलतेय. लातूरकडच्या मुरुडच्या अलीकडं, धरणाच्या भिंतीजवळ पाण्यात उभी असलेली सिमेंटची बाई! अंगावर काळे-पांढरे पट्टे आणि फुटाचे आकडे. पाणी ज्या आकड्याला टेकेल तेवढा साठा, एवढं साधं माझं काम. माझ्यापुढच्या खोल डोहातून लातूरला पाइपलाइन जाते.

तलाव बांधला तेव्हाच मला रोवलं. खाली स्वच्छ मुरूम होता, तिथून माझा पहिला फूट सुरू झाला. पुढं कुणीतरी शहाण्यानं माझ्या कमरेला लाल रेघ ओढली. पाणी त्या रेघेवर आलं की शेतीच्या मोटारी बाहेर काढायच्या आणि उरलेलं पाणी लातूरला प्यायला ठेवायचं. दुष्काळी सालाची एवढीच काय ती तयारी.

माणसांची एक गंमत सांगू? रोज मला बघतात, पण माझ्या पायाकडं कुणी बघत नाही. चौकीदार लिंबाजी तर भिंतीवर गाडी उभी करून, वर बसल्या बसल्याच माझा आकडा फोनवर सांगून टाकतो. दर पावसाळ्यात रानातली माती वाहून येत राहिली, माझे पाय गाळात गेले, तरी आकडे वरचे वरच. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या साली तलावात थोडं पाणी आहे असं माझ्यावर दिसत होतं आणि पाइपातून चिखल येत होता. लोक म्हणाले, पट्टी खोटारडी. का म्हणून ऐकून घ्यायचं मी? पाच फूट तर पाच फूट होतेच, त्यातलं पाणी किती आणि गाळ किती हे विचारायची अक्कल तुम्हाला नको होती?

ती अक्कल पुनमला आली. पाणीपुरवठ्यातली इंजिनीअर पोरगी, आणि इथल्याच काठावरच्या अण्णारावची लेक. यंदा पावसानं दगा दिला, तशी शहराचा आराखडा करायला ती आली. होडीतून माझ्याजवळ येऊन तिनं दोरीला वजन बांधून खाली सोडलं. माझ्यावर पाणी दहा फूट दिसत होतं, दोरी पाचातच गाळात रुतली. तिनं पुन्हा सोडून बघितली, मग वर जाऊन साहेबांशी भांडली आणि लाल रेघ पाच फूट वर ओढून घेतली. पाणी नव्या रेघेच्या खालीच होतं. म्हणजे मोटारी आत्ताच बाहेर.

काठावरचे सगळे भिंतीवर जमले, पुढं अण्णाराव. जुनी रेघ ठेवा, अजून दोन पाणी दिलं की ऊस तोडणीला येतोय, असं त्याचं म्हणणं. पुनमनं सगळ्यांसमोर पुन्हा दोरी सोडून दाखवली. वजन वर आलं ते काळ्या चिखलानं माखून.

"गाळ आमी घातला का?" अण्णारावनं विचारलं.

पुनमनं वजनावरचा चिखल हातानं पुसला.

"न्हाई आबा, तुमी न्हाई घातला," ती म्हणाली. "पण लाखो माणसं ह्याच्यावर प्यायची हायत. रेघ खाली येणार न्हाई. पहिली मोटर आपली निघंल."

"तुझं शिक्षण ह्याच उसावर झालंय."

"म्हणूनच आपली पहिली."

अण्णाराव तोंड फिरवून निघून गेला. पुनमनं वायरमनला घेऊन स्वतः बापाची मोटर काढली. दुसऱ्यांना मग काय बोलता येणार? संध्याकाळपर्यंत काठ रिकामा झाला. मला तिचा अभिमान वाटला.

उन्हाळा लागला. लातूरच्या नळाला आठवड्यातून एकदा का होईना, पण पाणी जातंय. अण्णारावचा ऊस वाळला, त्यानं तो जनावरांपुढं टाकला. बाप-लेक तेव्हापासून बोलत नाहीत.

काल तो एकटाच खुरपं घेऊन आला. पाणी माझ्यापुढच्या डोहात ओसरलंय, त्यामुळं चिखल तुडवत थेट माझ्यापर्यंत पोचला. आता हा रेघ खरवडणार, मी मनात म्हटलं, खरवड बाबा, मी हलायची नाही. तो खाली बसला आणि माझ्या पायाशी खुरप्यानं उकरू लागला. उकरतोय, उकरतोय, पण मुरूम काही लागेना. घामाघूम होऊन उठला आणि भिंतीवरच्या लिंबाजीला हाक मारली.

"पुनमला सांग, रेघ बरोबर हाय. पण सरकारनं हा गाळ काढल्याबिगर मी तिच्याशी बोलणार न्हाई. आन् काढायला सगळ्यात आधी मीच येणार."

लिंबाजीनं जागेवरूनच फोन लावला. पलीकडं पुनमनं लगेच गाळ काढायचा अर्ज लिहायला घेतला म्हणे.

ऐकलंत ना? मग पाऊस यायच्या आत यंत्रं पाठवा, माझे पाय मोकळे करा. तोवर कुणीही येऊ द्या, आमदार येऊ द्या नाहीतर कारखानदार, माझी लाल रेघ बोटभरसुद्धा खाली येणार नाही. एका बापानं ह्या रेघेपायी लेक तोडलीय, मी ती रेघ फुकटात कशी सोडू?