न दिसणारे बदल

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. जाऊबाईंचा भाऊ लॅपटॉप काखोटीला मारून डायलिसिस केंद्रात हजर झाला, तेव्हा ताईच्या मनात हेच आलं. केंद्र मोठ्या दिरांचं. पण पेशंटना घरबसल्या वेळ घेता यावी म्हणून ॲप बनवलं ते ताईनं, एकटीनं, सलाइनच्या खोक्यांमागं टेबल मांडून. सासरी तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

"कोड जरा साफसूफ करेल तो," दीर म्हणाले. "सगळ्यांना वापरता येईल असंही बघेल."

सगळ्यांना म्हणजे कोणाला? झाडलोट करणाऱ्या मावशीसुद्धा ॲप वापरत होत्या. आज साफसफाई, उद्या आपलीच खुर्ची, हे ताईनं ओळखलं.

पाहुण्याचं वागणंही सरळ नव्हतं. लॅपटॉपची स्क्रीन काळी करून, कानाला हेडफोन लावून बसायचा आणि बोटं मात्र चालूच. चहाचं निमित्त करून ताई त्याच्या मागून दोन चकरा मारून आली. काळ्या स्क्रीनवर दिसणार काय, कप्पाळ.

"काय ऐकताय एवढं?" तिनं विचारलंच.

"तुमचं ॲप, ताई."

मेला थट्टा करतोय, असं तिला वाटलं.

त्याचं काम ॲपमध्ये चढल्यावर दोनेक दिवसांनी तिनं ते उघडून पाहिलं. तिच्या ओळी इकडच्या तिकडे, काही तर गायबच. तिनं हौसेनं बटणांवर चित्रं काढली होती, सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र. त्यांनाही आतून शब्द चिकटवलेले. मग तिनं ॲप चालवलं, तर ते होतं तसंच. एवढी उलथापालथ आणि दिसायला ढिम्म फरक नाही? मग केलं काय यानं? आपल्या कामावर स्वतःचं नाव चढवलं, दुसरं काय. तिचं डोकंच फिरलं. कोणाला न विचारता तिनं सगळे बदल मागं फिरवले आणि त्या दिवशी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी केंद्रात डायलिसिसला येणाऱ्या मास्तरांचा फोन आला. साखरेनं त्यांची आधी मूत्रपिंडं नेली, मग डोळे. त्यांची वेळ नेहमी सून घ्यायची.

"ताई, परवा मी स्वतः ॲप उघडलं," मास्तर म्हणाले. "माझा फोन वाचून दाखवतो ना, तो चक्क 'सकाळ' म्हणाला, 'रात्र' म्हणाला. सुनेला हाक मारावी लागली नाही. आज पुढची वेळ घ्यायला गेलो, तर नुसतं बटण, बटण, बटण करतोय. मी काही चुकीचं दाबून बिघडवलं का?"

स्क्रीन काळी करून पाहुणा हेच ऐकत होता, हे ताईला आता कळलं. फोनवर हात ठेवून तिनं पाहुण्याकडे पाहिलं.

"मी तुमचे बदल काढले. कळलं होतं तुम्हाला?"

"सकाळीच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"ॲप तुमचं आहे, ताई. म्हटलं, काहीतरी कारण असेल."

तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं फोनवरचा हात काढला.

"तुम्ही नाही मास्तर, मी बिघडवलं. सकाळचीच वेळ हवी ना? मी इथून टाकून देते."



"नको," मास्तर म्हणाले. "तुम्ही नीट करा. मी थांबतो. माझी वेळ मी घेईन."