तीन प्रश्नांची खुर्ची

त्या मंगळवारी संध्याकाळी ज्ञानदेव सरांनी नेहमीप्रमाणे रुमालाने माझे हात पुसले आणि मला खिडकीकडे वळवलं. "अंजली आली की तिलाबी बसवू हितं," ते स्वतःशीच म्हणाले. मग दिवा मालवून घरी गेले. बुधवारी सर आले नाहीत. त्यानंतर ते कधीच आले नाहीत.

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. कोऱ्हाळे बुद्रुकच्या एका सुताराने मला घडवलं आणि बारामतीजवळच्या एका कृषी महाविद्यालयात मी तोंडी परीक्षेसाठी आले. विद्यार्थी माझ्यावर बसत, समोरून परीक्षक विचारत. किती तळहातांचा घाम माझ्या हातांत मुरला आहे! त्यातच तरुण ज्ञानदेवचाही होता. पुढे तोच मुलगा इथे शिक्षक झाला.

मग फिरत्या खुर्च्या आल्या. माझा एक पाय सैल झाला होता, म्हणून मला अडगळीच्या खोलीत टाकलं आणि माझ्यावर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचले. बारा वर्षं मला कुणी एक प्रश्न ऐकवला नाही.

पुढे एआय आलं. मुलं मोबाइलला विचारू लागली आणि मोबाइल सुबक प्रकल्प लिहून देऊ लागला. विद्यापीठाने कळवलं, ही कृत्रिम बुद्धिमत्ता कशी वापरायची याचे नियम प्रत्येक महाविद्यालयाने ठरवावेत. कुणी म्हणालं, बंदी घाला. कुणी म्हणालं, सोडून द्या, कोण अडवणार? त्यासाठी नेमलेल्या समितीचे प्रमुख होते ज्ञानदेव सर. त्यांना दोन्ही पटेना. ते स्वतः अडगळीत आले, मला बाहेर काढलं आणि माझ्या पायात पाचर ठोकली.

माझ्यावर पहिली बसली पहिल्या वर्षातली मोना, सणसरची. तिने घरच्या उसावर वीस पानं दिली होती.

"दर बारा दिवसांनी पाटानं पाणी, असं लिवलंयस," सर म्हणाले. "तुमच्यात पाटपाणी हाय?"

"न्हाय सर. ठिबक हाय."

"मग हे?"

"ते एआयनं लिवलं, सर."

"त्यो आलावता व्हय सणसरला?"

दारातली मुलं खो खो हसली. मोनाचे कान लाल झाले. पण सरांनी तिला नापास केलं नाही. "वडलांना घिऊन रानात जा. चुकलंय ते लाल शाईनं लिही. अन् बरोबर निघंल तेबी लिही, त्याचं श्रेय त्याला दे."

आठवड्याने मोना चिखलाच्या चपलांनी आली. पानांवर अकरा लाल खुणा होत्या. बेण्याविषयीची एक गोष्ट मात्र अशी निघाली, जी तिच्या वडिलांनाही ठाऊक नव्हती.

"आता ह्यो प्रकल्प तुझा," सर म्हणाले.

त्यातूनच नियम झाला. एआय वापरा, पण लपवू नका. या खुर्चीत बसून तीन प्रश्नांची उत्तरं द्या. त्याला काय विचारलंस? त्याने काय दिलं? त्यातलं तू स्वतः काय पडताळलंस? शिक्षकांनाही हेच लागू. एकदा सरांनी सरावाची प्रश्नपत्रिका एआयकडून काढून घेतली, तेव्हा ते स्वतः माझ्यावर बसले आणि मुलांनी त्यांना घाम फोडला. 'हे मला ठाऊक न्हाय' म्हणणाऱ्याचा गुण सर कधी कापत नसत. अनेक विद्वान माझ्यासमोर बसून गेले, पण असा मी दुसरा पाहिला नाही.

नियमांचा मसुदा त्यांनी पुण्याला मुलीकडे, अंजलीकडे पाठवला. ती संगणक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. "बघ गं, बरोबर हाय का," एवढंच ते फोनवर म्हणाले. तासाभरात तीन पानांचं उत्तर आलं. सरांनी ते छापून घेतलं, दोनदा वाचलं. कुठेही न अडखळणारं, गुळगुळीत. अशी पानं आम्ही दोघांनी खूप ऐकली होती. "छान लिवलंस," त्यांनी तिला कळवलं आणि पानं खणात ठेवली.

सर गेल्यावर तीन आठवड्यांनी अंजली त्यांचं सामान न्यायला आली. खणात तिला ती पानं सापडली. शेवटच्या पानाखाली सरांच्या अक्षरात ते तीन प्रश्न होते आणि प्रत्येकापुढे कोरी जागा सोडलेली.

मित्रांनो, मला पॉलिश नको, गादी नको. पाय हलला तर एक पाचर ठोका. आणि माझ्यासमोर विचारणारं माणूस असू द्या. ते उठून गेलं की माझ्यावर बसणाऱ्याची उत्तरं त्याच्याजवळच राहतात.

अंजलीने मला टेबलासमोर ओढलं आणि ती बसली. तिचे तळहात ओले होते. समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहत ती मोठ्याने म्हणाली,

"आबा, मी त्याला म्हटलं, या नियमांवर चांगला अभिप्राय लिही. त्याने तीन पानं दिली. मी काहीच पडताळलं नाही. तुमचे नियम उघडलेसुद्धा नव्हते. परवा वाचले, सगळे. त्यात तुम्ही लिहिलेली मोनाची हकिकतही वाचली. चांगले आहेत, आबा. फक्त सातवा मला पटला नाही. पहिल्या वर्षाला एआय नको, असं का? मोना पहिल्याच वर्षाला होती ना? यावर मला तुमच्याशी भांडायचं होतं."