अकराव्या पानावर

"त्यांच्या कागदाला हात लावू नकोस. वकीलसुद्धा दारात उभं करत नाहीत त्यांना," सासूबाईंनी बजावलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं. बी.ए. झालेली, अक्षर बरं; शेजारच्या म्हाताऱ्याला चार ओळी लिहून दिल्या तर बिघडलं कुठे?

शेजारचे म्हणजे झुंबरनाना. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला त्यांचा गुलाबाचा मळा. बायको गेलेली, एकटेच राहत. तोवर त्यांनी तेवीस दावे लावले होते. शेवग्याची सावली पडते म्हणून, बकरीने कुंपण ओलांडलं म्हणून, नळावर कुणी हसलं म्हणून. एकोणऐंशी साली हायकोर्टाचा हुकूम आला : यापुढे जिल्हा न्यायाधीशांच्या परवानगीवाचून नानांनी नवा दावा लावायचा नाही. आजूबाजूच्यांनी पेढे वाटले. मीही एक खाल्ला.

चारच महिन्यांनी त्यांच्या पुतण्याने, नाथाने, नानांच्या विहिरीत दोन ट्रॉल्या मुरूम ओतला. भरदिवसा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. नाथाने वर बघितलं तशी खिडकी लावून घेतली. बाळ कडेवर होतं.

दुसऱ्या दिवशी नाना परवानगीचा अर्ज लिहून घ्यायला आले. फक्त विहिरीचंच लिहू, असं मी दोनदा म्हटलं. ऐकेनात.

"आधीचं बी समदं घे पोरी. सायबाला कळू दे, किती वर्सं छळत्यात मला."

बाळ तापलं होतं, सारखं रडत होतं. नानांनी लवकर उठावं, एवढंच माझ्या मनात. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. शेवगा, बकरी, नळ. विहीर अकराव्या पानावर आली.

"साक्षीदार?" मी विचारलं.

"कुनी पाह्यलं नाय."

मी लिहिलं, साक्षीदार नाही.

अर्ज फेटाळला गेला. जुन्याच तक्रारी, पुरावा काही नाही. कोर्टातून परतताना नाना आमच्या पायरीवर टेकले.

"अक्षर लय चांगलं हाय तुझं. कारकून बी म्हनला."

महिन्याभरात ह्यांची मनमाडला बदली झाली. तिथून मी नानांना दोन कार्डं टाकली. त्यांना वाचता येत नाही, हे ठाऊक असून.

तुमच्यापैकी कुणी तिकडे जाणार असाल, तर मळ्यात डोकावून या. गुलाब जगलेत का, पिण्याचं पाणी नाना कुठून आणतात, ते बघा. बोलायला लागले तर मध्येच उठू नका; विहिरीपर्यंत यायला त्यांना वेळ लागतो. मग त्यांना सांगा, लिहिणाऱ्या पोरीनं पाहिलं होतं.