थोरल्या जाऊबाईंचा मोर्चा

मी एक जुनी व्हीलचेअर आहे, मित्रांनो. माझी कहाणी सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला अजून खात्री नाही. पाठीमागच्या माणसाच्या कलाने चालण्यात माझा जन्म गेला. स्वतःहून पुढे होऊन बोलायची सवयच नाही. तरी सांगून पाहते.

एका कारखान्यात पोलादी नळ्या वाकवून मला घडवलं. उमेदीची वर्षं इस्पितळात गेली. पायाचं प्लास्टर निघालं की मुलं मला सोडून पळत घरी जायची. मला आनंद व्हायचा आणि थोडं वाईटही वाटायचं. पुढे नव्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी जिन्याखाली, फुटक्या बादल्यांच्या संगतीत झाली. चाकं गंजली, गादी उसवली. आपले दिवस भरले, असंच मी धरून चालले होते. एकदा, मी आता जिथे असते त्या स्मारकाचा पहारेकरी इस्पितळात औषधाला आला, त्याने मला पाहिलं आणि मागून आणलं. गादी शिवली, चाकांत तेल घातलं.

हे स्मारक वकीलदादांचं. एके काळी शहरातल्या मोठ्या रस्त्यावर पाऊल टाकायला वस्तीतल्या माणसांना बंदी होती. वकीलदादांनी त्याच रस्त्यावरून मोर्चा नेला. सगळे दोघादोघांच्या जोडीने, हातात हात घेऊन चालले. लाठी बसलीच तर एकाने दुसऱ्याला सावरायचं. म्हणून आजही फाटकापासून पुतळ्यापर्यंतची चढण लोक जोडीनेच चढतात. एकटं कुणी आलं, तर अनोळखी माणूस हात पुढे करतो.

एका सकाळी दोन म्हाताऱ्या जावा आल्या. धाकटी तुरतुर चालणारी, त्या मोर्चात गेलेली. थोरलीचे गुडघे पार गेलेले. पहारेकऱ्याने मला पुढे आणलं, पण थोरली फाटकाजवळच्या कट्ट्यावरून उठेना.

"तू जाऊन ये. मी पिशवी सांभाळते."

"पिशवीत आहे काय? पाण्याची बाटली आणि तुमच्या गोळ्या. कुणी नेलीच, तर त्याचे गुडघे बरे होतील!"

"थट्टा नको. मोर्चात चालले त्यांची ही जागा. मी त्या दिवशी घरात होते. कोणत्या तोंडाने वर जाऊ?"

धाकटीचं हसू मावळलं. ती तिच्याजवळ बसली.

"जाऊबाई, त्या दिवशी माझी पोरं कुणाजवळ होती?"

"माझ्याजवळ. त्यात काय एवढं?"

"लहानगा तापाने फणफणला होता. मी दारातून परत फिरले, तर तुम्हीच मला बाहेर लोटलंत. म्हणालात, मी आहे ना, तू चालू लाग. आणि सासूबाईंची बोलणी कुणी खाल्ली?"

"मीच. तुझ्या वाटणीचीसुद्धा."

"मग? मोर्चात शेजारी माझा हात कुणी धरला होता, ते मला आता आठवतही नाही. पण घरी तुम्ही होतात, म्हणून माझं पाऊल मागे फिरलं नाही. चला. नाहीतर मीही आल्या पावली परत जाते."

थोरली पिशवी घेऊन कट्ट्यावरून उठली. मग पहारेकऱ्याला म्हणाली, "ही आमच्या घरात आली तीच हट्टी," आणि माझ्यावर येऊन बसली.

धाकटीने सगळा जीव एकवटून मला ढकललं. मी जागची हलेना. तिने पुन्हा जोर लावला.

"मोर्चेवाली म्हणे! अगं, आधी ब्रेक तरी काढ!"

पहारेकरी खो खो हसला. एक पुढे, एक मागे, ही काही जोडी नव्हे. म्हणून मला ढकलायचं काम त्याने घेतलं आणि धाकटी शेजारून चालू लागली. दोघींचे गुंफलेले हात माझ्या हातावर टेकले होते. माझ्यावर आजवर किती माणसं बसली, पण एवढी ताठ कुणी बसलं नव्हतं.

पुतळ्यासमोर थोरलीने वकीलदादांकडे मान वर करून पाहिलं. पोराबाळांशी बोलावं तशा साध्या आवाजात ती म्हणाली, "घरात पोर आजारी होतं हो. म्हणून यायला जरा उशीर झाला."

धाकटीने हात सोडला नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी खुर्ची कुठे पडलेली दिसली, तर तिच्या चाकांना तेल द्या. कुणाला बसवून नेताना, कुठे जायचंय ते आधी त्यांनाच विचारा. आणि तुम्ही चालावं म्हणून तुमच्या घरात कुणी मागे थांबलं असेल, तर त्यांना एकदा इथे घेऊन या. चढणीची काळजी करू नका. मी फाटकाशीच उभी असते.