किडीने खाल्लेली जागा

"बोलण्याच्या मोकळीकीला जगात पहिल्यांदा नाव दिलं, ते आपल्या इंग्रज पूर्वजांनी," प्रोफेसर गॉडबर यांनी वाचून दाखवले आणि भाषणाचा कागद बशीशेजारी ठेवला. "कुणाला काही सुचवायचं आहे?"

कुणालाच काही सुचवायचे नव्हते. शब्दकोशाच्या कचेरीत चहाच्या टेबलाभोवती नऊ माणसे बसली होती, आणि नऊच्या नऊ जणांनी नेमक्या त्याच क्षणी बिस्किटे तोंडात घातली.

भाषण शनिवारचे होते. विद्यापीठाने वादसभेसाठी नवे सभागृह बांधले होते आणि त्याच्या दारावरच्या दगडात हजार वर्षांपूर्वीचा एक इंग्रजी शब्द कोरला होता. त्याचा अर्थ मोकळमुख, म्हणजे ज्याच्या तोंडावर कुणाचा हात नाही असा. प्रोफेसरांचे एक जाडजूड पुस्तक याच शब्दावर उभे होते आणि प्रोफेसर त्या पुस्तकावर.

मिस ऑड्री पेंबर्थी यांनी बिस्कीट गिळले आणि दुसरे उचलले. कोशातले 'तोंड' हे प्रकरण त्यांच्याकडे होते. तोंडाचे एकेचाळीस जोडशब्द त्यांनी जमवले होते. रुंदतोंड्या, वाकडतोंड्या, आ वासून बघत राहणारा, तोंडाला कुलूप नसलेला. चाळीस शब्द एकतर शिव्या होते, नाहीतर मडक्यांची वर्णने. थोर म्हणावा असा एकच, मोकळमुख, आणि तो बाईंनी स्वतः शोधला होता. कचेरीतल्या पहिल्याच उन्हाळ्यात, तेविसाव्या वर्षी.

आज सकाळच्या टपालाने कॅथीड्रलच्या ग्रंथालयातून या शब्दाच्या मूळ हस्तलिखिताचे छायाचित्र आले होते. त्या ओळीत, त्या जागी, शब्द नव्हता. भोक होते. कसरीने चामड्याचे पान आरपार खाल्लेले होते आणि त्यातून मागच्या पानावरचा कुण्या संताचा अंगठा दिसत होता.

बाईंनी फळीवरून त्याच हस्तलिखिताची छापील प्रत काढली. सव्वाशे वर्षांपूर्वी एका पाद्रीबुवांनी ती संपादित केली होती. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत टीप होती : "किडीने खाल्लेली जागा आम्ही अंदाजाने भरली आहे." तेविसाव्या वर्षी माणूस तळटीपा वाचत नाही. बाईंनी शब्द नोंदकार्डावर उतरवून घेतला होता आणि कोपऱ्यात आपली आद्याक्षरे घातली होती. ती अजून स्वच्छ वाचता येत होती.

या कचेरीत चूक तोंडाने सांगत नसत. पूर्वी कधी दोन सहसंपादकांनी एका क्रियापदावरून एकमेकांना पट्ट्यांनी मारले होते, तेव्हापासून नियम होता : चूक गुलाबी चिठ्ठीवर लिहायची आणि प्रोफेसरांच्या ट्रेमध्ये ठेवायची. दुसऱ्या दिवशी ती टिक होऊन परत येई. बाईंनी सोमवारी चहानंतर चिठ्ठी ठेवली. बुधवारपर्यंत ती परत आली नाही.

"हेस्केथ," त्यांनी पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारले, "समजा, तो दारावरचा शब्द मुळात नसलाच तर?"

हेस्केथ पेन्सिलीला टोक काढत राहिला. "दगड कोरून झालाय, बाई. खोडरबर घेऊन शिडीवर चढणार आहात का?"

"अहो, तिथे भोक आहे."

"असेना. या कचेरीत निम्म्या जागा भोकांच्याच आहेत. एकीवर मी गेली वीस वर्षं बसतोय." त्याने टोक फुंकले. "कार्डावर सही कुणाची आहे?"

"माझी."

"झालं तर मग."

गुरुवारी बाई स्वतःच प्रोफेसरांच्या खोलीत गेल्या.

"या, ऑड्री, बसा," प्रोफेसर म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच पहिल्या नावाने हाक मारली, तेव्हाच बाईंनी सावध व्हायला हवे होते.

"सर, माझी चिठ्ठी—"

"मिळाली ना." त्यांनी सर्वांत खालचा ड्रॉवर ओढला, रबर लावलेली एक गड्डी काढली आणि बाईंसमोर ठेवली.

सात गुलाबी चिठ्ठ्या होत्या. वरची बाईंची. तिच्याखाली हेस्केथची, तेरा वर्षांपूर्वीची. मधल्या चौघांपैकी दोघे वारले होते आणि दोघे ऑस्ट्रेलियाला गेले होते. सातही चिठ्ठ्यांवर मजकूर जवळपास एकच : मोकळमुख, तळटीप पाहावी. सर्वांत खालची विटून पांढरी पडली होती. त्यावरचे उजवीकडे कललेले अक्षर बाई रोज वाचत होत्या. टिक एकीवरही नव्हती.

"हे तुमचं अक्षर आहे."

"हो. तुमच्यानंतर काही वर्षांनी आलो, नवीन होतो. जुने सर म्हणाले, गॉडबर, याच शब्दावर माझं पुस्तक उभं आहे." त्यांनी चष्मा पुसला. "पुढे मीही एक लिहिलं."

बाईंनी विटलेली चिठ्ठी गड्डीत परत ठेवली.

"शनिवारी पडदा तुम्हीच ओढायचा. शब्द तुमचा आहे. आणि कोशाच्या पहिल्या पानावर संपादकांमध्ये तुमचं नाव जाईल. आजवर तिथे एकाही बाईचं गेलेलं नाही, ठाऊक आहे ना? किंवा मग चूक झाली असं जाहीर करू. कुणाची, तेही सांगावं लागेल. पुढच्या वर्षी निवृत्त होताय तुम्ही. तुम्ही म्हणाल तसं."

बाईंनी आपली चिठ्ठी उचलली, दोन्ही बाजूंनी पाहिली. मग बाकीच्या चिठ्ठ्यांच्या कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या, आपली चिठ्ठी तारखेच्या क्रमाने पुन्हा सर्वांत वर ठेवली आणि रबर लावले. दोनदा गुंडाळून. सैल राहिले तर चिठ्ठ्या निसटतात.

शनिवारी ऊन होते. बाईंनी दोरी ओढली. पडदा एका झटक्यात खाली आला आणि त्याच्या घडीत साठलेली गवंड्यांची सगळी धूळ त्यांच्या टोपीवर पडली. टाळ्या झाल्या. प्रोफेसरांनी माइक त्यांच्यापुढे सरकवला.

"ज्यांनी हा शब्द शोधला, त्यांनीच दोन शब्द बोलावेत."

बाईंनी वर दगडाकडे पाहिले. अक्षरे खोल होती, पाचशे वर्षे टिकतील अशी. पहिल्या रांगेत हेस्केथ स्वतःच्या बुटांचे निरीक्षण करत होता.

"आभारी आहे," बाई म्हणाल्या.

सोमवारच्या वर्तमानपत्रात तिसऱ्या पानावर छायाचित्र आले. कोरलेल्या शब्दाखाली मिस पेंबर्थी उभ्या आहेत, डोळे मिटलेले, तोंड पुरते उघडे. खाली ओळ आहे : "निर्भीडपणे मनोगत मांडताना ज्येष्ठ कोशकार." प्रोफेसरांनी त्याची चौकट करून चहाच्या खोलीत लावली.

धुळीने बाईंना शिंक आली होती.